राज्यघटनेचा तेरावा भाग आणि बाबासाहेब

महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, पुणे करार, नागपूरची दीक्षाभूमी हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील प्रसंग आपल्या घराघरांत सांगितले जातात. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब मात्र स्मरणिकांतून क्वचित भेटतात. म्हणून त्यांच्या जीवनाचा एक वेगळा धागा येथे उलगडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. महू ही इंग्रजांची छावणी. सभोवती होळकरांचे संस्थान. तेव्हाचा हिंदुस्थान अशा शेकडो तुकड्यांत विभागलेला होता आणि अनेक संस्थाने आपल्या हद्दीवर मालावर स्वतंत्र जकात घेत. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना निजामाचे करोडगिरी नाके काय होते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कर कोणी घ्यावा आणि केंद्राने प्रांतांना किती मोकळीक द्यावी, हे प्रश्न त्यांनी असे विद्यार्थिदशेपासून हाताळले होते. मधल्या काळात, १९१७ साली, ते नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही बाहेर पडावे लागले. त्या शहराच्या बाजारात दूरदेशीचा माल मिळत होता, हे येथे नोंदवावेसे वाटते.

१९४८ च्या घटनेच्या मसुद्यात देशांतर्गत व्यापाराच्या स्वातंत्र्याचे एक कलम मूलभूत हक्कांत होते, तर संबंधित तरतुदी दुसरीकडे विखुरलेल्या होत्या. ८ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी त्या सर्व एका भागात आणण्याचा प्रस्ताव संविधान सभेत मांडला. तोच आजचा तेरावा भाग, कलमे ३०१ ते ३०७. भारताच्या संपूर्ण राज्यक्षेत्रात व्यापार, वाणिज्य व व्यवहारसंबंध मुक्त राहतील, हे त्यातील पहिले सूत्र. व्यवहारसंबंध या शब्दात माणसांची ये-जाही येते. बडोद्याचा अनुभव घेतलेल्या पुरुषाने मांडलेल्या कलमात तो शब्द असावा, याचे आम्हांस विशेष वाटते.

हे स्वातंत्र्य निरंकुश नाही. नागपूरची संत्री परराज्यात विकायला गेली, तर तेथील सरकार त्यांवर कर बसवू शकते. परंतु आपल्या राज्यात पिकणाऱ्या संत्र्यांवर जेवढा कर असेल, त्याहून अधिक नाही. सार्वजनिक हितासाठी राज्याला वाजवी निर्बंध घालता येतात. मात्र असे विधेयक विधिमंडळात आणण्यापूर्वी राष्ट्रपतींची मंजुरी लागते. अपवादांच्या या गर्दीवर सभागृहात टीकाही झाली. टीका अगदीच निराधार नव्हती. पण राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या करून बाजारपेठ एक करणे तेव्हा शक्य नव्हते, असे आमचे मत आहे. ऑक्टोबर १९४९ मध्ये विक्रीकराची तरतूद मांडतानाही बाबासाहेबांनी हाच तोल सांभाळला. राज्यांना विक्रीकराचा अधिकार राहिला, पण आंतरराज्य व्यापाराला त्याची झळ लागू नये म्हणून मर्यादा घातल्या गेल्या.

सर्वांत अवघड प्रश्न जुन्या संस्थानांचा होता. हैदराबादसारख्या राज्यांच्या उत्पन्नात जकातीचा वाटा होता; ती एका रात्रीत बंद करणे म्हणजे शाळा-दवाखान्यांचाही पैसा तोडणे. म्हणून कलम ३०६ ने अशा राज्यांना केंद्राशी करार करून जास्तीत जास्त दहा वर्षे जुने कर चालू ठेवण्याची मुभा दिली. ते कलम सातव्या घटनादुरुस्तीने वगळले. ती दुरुस्ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आली आणि त्याच दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात आला. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.