झुलत्या खुर्चीतला राष्ट्राध्यक्ष

जॉन केनेडी म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो १९६१ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत ओव्हरकोट उतरवून भाषण करणारा तरणाबांड राष्ट्राध्यक्ष. याच माणसाला अनेकदा वाकून पायात मोजा चढवणे जमत नसे, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते.

दुखणे कॉलेजातले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांची टॉर्पेडो नौका चिरली. भाजलेल्या सहकाऱ्याच्या जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडी तासन्‌तास पोहले आणि आधीच कुरकुरणारी कंबर पुरती बिघडली. १९४४ मध्ये चकतीची शस्त्रक्रिया झाली, गुण आला नाही. १९५४ मध्ये मणक्यांना धातूची पट्टी बसवली, तर जंतुसंसर्ग होऊन धर्मगुरूंना बोलावण्याची पाळी आली! पुढच्या वर्षी पट्टी काढून टाकली. दुखण्याने मात्र पाठ सोडली नाही.

मग डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आल्या. डावा पाय किंचित आखूड म्हणून बुटाच्या टाचेला उंची, बसायला झुलती खुर्ची, आणि दुखऱ्या स्नायूंत बधिर करणारी इंजेक्शने. आराम पडे, पण तेवढ्यापुरता. १९६१ च्या मे महिन्यात ओटावाला वृक्षारोपणाच्या समारंभात फावडे चालवताना कंबरेत पुन्हा उसण भरली. ख्रुश्चॉव्हशी व्हिएन्नात बोलणी करून परतलेला महासत्तेचा प्रमुख कुबड्या घेऊन चालू लागला. इंजेक्शनांवरून त्यांच्याच डॉक्टरांत जुंपली, आणि ऑक्टोबरमध्ये डॉ. हान्स क्राउस यांना पाचारण झाले.

हे क्राउस ट्रिएस्टला जन्मलेले, व्हिएन्नात शिकलेले आणि हाडाचे गिर्यारोहक. त्यांचे म्हणणे असे, की बहुतेक कंबरदुखी हाडांत नसते, स्नायूंत असते. बसून बसून पोटाचे आणि पाठीचे स्नायू दुबळे पडतात, मांडीमागचे आखडतात, मनावरचा ताण त्यांना आणखी आवळतो. दुखते म्हणून माणूस हलत नाही, आणि हलत नाही म्हणून अधिक दुखते. पट्ट्याने आधार मिळतो खरा, पण स्नायूंचे काम पट्टाच करू लागला की ते आणखी निकामी होतात. (आपल्याकडे औषधाच्या दुकानातून पट्टा आणून वर्षानुवर्षे कंबरेला आवळणाऱ्यांनी हे जरा ऐकावे.)

आठवड्यातून तीनदा व्हाइट हाउसच्या व्यायामशाळेत धडे सुरू झाले. आधी अंग सैल सोडणे, मग हलकेच ताणणे, शेवटी बळ वाढवणे. यात चमत्कार काही नव्हता, चिकाटी होती. काही महिन्यांत फरक दिसू लागला. १९६३ च्या उन्हाळ्यात केनेडी पुन्हा गोल्फ खेळले.

पट्टा मात्र पुरता सुटला नव्हता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलासमध्ये उघड्या मोटारीत बसताना त्यांच्या कंबरेला तो होता, वरून बँडेजही गुंडाळलेले होते. पहिल्या गोळीनंतर त्या पट्ट्यामुळेच त्यांना खाली कोसळता आले नाही, असा तर्क काही शल्यविशारदांनी पुढे मांडला. तो सिद्ध होण्यासारखा नाही. दुसरी गोळी डोक्यात बसली तेव्हा ते ताठ बसलेले होते, एवढे खरे.