दादासाहेब फाळके : वाटाण्याच्या रोपातून उगवलेला सिनेमा



‘भारताचा पहिला चित्रपट कोणता?’ या प्रश्नाला मुलं ‘राजा हरिश्चंद्र’ असं उत्तर लिहून मोकळी होतात. पण संगणक नसताना दादासाहेबांनी पडद्यावर चमत्कार कसे दाखवले, हे सांगितलं की मुलांना हा माणूस खरा कळतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं बरंच काही त्यांनी आत्मसात केलं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे ते जादूचे प्रयोगही शिकले. हातचलाखीची ही सवय नंतर कॅमेऱ्यामागे कामी आली.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवांच्या कथाही अशाच दाखवायच्या असं ठरवलं. दिवसरात्र चित्रपट बघून आणि अभ्यास करून त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. मग विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

आता पैसे देणाऱ्यांना पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढेल तसतशी थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली! बघणाऱ्यांना विश्वास बसला आणि भांडवल मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. रात्री जागून कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्या करायच्या. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

देव एकदम प्रकट होतात, ते कसं? कॅमेरा थांबवायचा, बाकीच्या नटांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, देवाचं काम करणाऱ्याने जागेवर यायचं आणि कॅमेरा पुन्हा फिरवायचा. दुसरी युक्ती म्हणजे तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करायचं. मग एका चित्रावर दुसरं चित्र उमटतं. ‘श्रीकृष्णजन्म’ मध्ये कंसाला सगळीकडे कृष्ण दिसतात आणि स्वतःचं डोकं धडावेगळं होताना दिसतं. हे सगळं कॅमेऱ्यातच जमवायचं. मोजणी चुकली की महागडी फिल्म वाया! आणि त्यात घरातले दागिने गुंतलेले. ‘कालिया मर्दन’ मध्ये तर त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचं निधन झालं.

वर्गात करून बघा : आपल्या डहाणू-तलासरीत जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाच भाताचं बी पडतं. एका डब्यात भात पेरा. रोज ठरलेल्या वेळी ४ फोटो, असे १० दिवस. किती झाले? ४०. सेकंदाला ८ फोटो दाखवले तर ५ सेकंदांची फिल्म! गणिताचा तास इथेच झाला. तीच फिल्म सलग दोन-तीनदा लावून वर मुलांच्या आवाजात पावसाचं गाणं घाला, वर्गाचा गाण्याचा व्हिडिओ तयार.

पालकांच्या घरात मोबाईल एकच असतो आणि तो दिवसभर कामावर जातो. म्हणून मोबाईल आणि डबा ठेवायच्या जागी खडूने खूण करा. संध्याकाळी मोबाईल घरी आला की त्याच खुणेवर ठेवून ४ फोटो काढायचे. एक दिवसही चुकला तर रोप पडद्यावर उडी मारतं, आणि ते मुलांच्याच आधी लक्षात येतं.