नगरच्या छावणीतील गिर्यारोहक

नगरचा भुईकोट किल्ला म्हटला की पंडित नेहरूंचा १९४२ नंतरचा कारावास आठवतो. त्यापूर्वीच, १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच, ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना नगर येथे काटेरी तारांच्या छावणीत आणून ठेवले होते. त्या बंद्यांत पीटर आउफ्श्नायटर हे चाळिशीला आलेले गिर्यारोहक होते. त्यांचे तरुण सहकारी हाइन्रिख हारर तिबेटवरील पुस्तकामुळे जगप्रसिद्ध झाले. आउफ्श्नायटर यांनी मात्र हयातीत आत्मवृत्त प्रसिद्ध केले नाही. आज मराठी तरुण हिमालयाकडे वळत असताना या अबोल माणसाचे चरित्र मुद्दाम आठवावे असे आहे.

त्यांचा जन्म १८९९ मध्ये ऑस्ट्रियातील किट्झब्यूएल येथे झाला. शिक्षण शेतीशास्त्राचे; ओढा पर्वतांचा. कांचनजंगावरील १९२९ व १९३१ या दोन्ही जर्मन मोहिमांत ते होते. पहिली मोहीम वादळाने परतवली. दुसरीत सुमारे ७,७०० मीटर उंचीवर ताज्या बर्फाने लादलेला तीव्र उतार आडवा आला. तो केव्हाही सुटेल हे ओळखून पथक मागे फिरले. त्याआधी त्याच मोहिमेत एक जर्मन व एक शेर्पा कड्यावरून कोसळून मरण पावले होते. शिखर हाती लागले नाही; पण उरलेली माणसे घरी परतली.

हिमस्खलनाचे शास्त्र समजण्यास अवघड नाही. जुन्या, घट्ट थरावर नवे बर्फ साचते. दोहोंमधील पकड कच्ची असली की उतारावरचा सगळा थर एकदम सुटतो. साधारणपणे तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार याबाबतीत सर्वाधिक धोक्याचे. पश्चिम हिमालयात हिवाळी वादळे बर्फाचे थरावर थर चढवितात, म्हणून तेथील हिवाळा विशेष घातक.

नंगा पर्वताने हा धडा फार महागात शिकविला. ८,१२६ मीटर उंचीचे हे शिखर जर्मनीने राष्ट्रीय प्रतिष्ठेचा प्रश्न बनविले होते. उत्तरेकडील राखिओट बाजूने गेलेल्या १९३४ च्या मोहिमेत वादळात सापडून तीन जर्मन व सहा शेर्पा मृत्युमुखी पडले. पुढे १९३७ मध्ये, १४ जूनच्या मध्यरात्रीनंतर, चौथा तळ झोपेतच हिमस्खलनाखाली गाडला गेला. त्यात सात जर्मन व नऊ शेर्पा गेले. एवढे होऊनही १९३८ मध्ये पुन्हा त्याच बाजूने प्रयत्न झाला. बुडीत खात्यात गेलेली रक्कम वसूल करण्यासाठी त्याच खात्यात आणखी पैसा ओतावा, तसा हा व्यवहार होता. फरक इतकाच की येथे रक्कम माणसांच्या प्राणांची होती, आणि तिचा मोठा हिस्सा शेर्पा भरत होते. कीर्तीतील त्यांचा वाटा मात्र नाममात्र.

या पार्श्वभूमीवर १९३९ मध्ये आउफ्श्नायटर यांच्या नेतृत्वाखाली चौघांचे छोटे पथक निघाले. त्याने राखिओटची वाट सोडून पश्चिमेकडील दियामीर बाजूची पाहणी केली. शिखर गाठणे हा हेतूच नव्हता. वाट आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. वाट आहे, असा निष्कर्ष निघाला. परतीच्या जहाजाची वाट पाहत ते कराचीत असतानाच युद्ध पेटले आणि पथकाची रवानगी नगरला झाली.

नगरहून देवळाली व पुढे डेहराडून अशी त्यांची बंदिवासाची वाटचाल झाली. डेहराडूनच्या छावणीतून एप्रिल १९४४ मध्ये ते निसटले. हारर यांच्यासह त्यांनी ऐन हिवाळ्यात तिबेटचे गोठलेले पठार पायी ओलांडले आणि जानेवारी १९४६ मध्ये ल्हासा गाठले. तेथे त्यांनी कालवे, वीज व नकाशे यांची कामे केली. पुढे नेपाळात शेतीतज्ज्ञ म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९७३ मध्ये इन्सब्रुक येथे त्यांचे निधन झाले.

नंगा पर्वताचे शिखर १९५३ मध्ये हेरमान बूल यांनी राखिओट बाजूनेच गाठले. तोवर एकतीस जणांचा बळी गेला होता. त्यांतील अखेरचे दोघे ब्रिटिश गिर्यारोहक डिसेंबर १९५० च्या हिवाळ्यात नाहीसे झाले होते. दियामीर बाजूने १९६२ मध्ये चढाई यशस्वी झाली आणि पुढे तीच नेहमीची वाट ठरली. या शिखरावरील पहिली हिवाळी चढाईही फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच बाजूने झाली. दियामीरही निर्धोक नाही. परंतु १९३९ च्या पाहणीचा निष्कर्ष काळाने खरा ठरविला.

आपल्या जिल्ह्यातील कळसूबाई १,६४६ मीटर उंचीची. तेथे बर्फ नाही. तिच्यावर कमावलेला दम हिमालयात उपयोगी पडतो, पण उतारावरील बर्फाची पारख तेथे घडत नाही. ती वेगळी शिकावी लागते, आणि पारख झाल्यावर परतण्याची तयारीही लागते. मोहिमेसाठी वर्गणी गोळा झालेली असते, गावात सत्कार झालेला असतो, म्हणून पुढे जाणे हा हिशेब चुकीचा आहे. मागे फिरणाऱ्याचाही सत्कार करण्याची रीत समाजाने पाडली, तर तरुणांना तो हिशेब नीट मांडता येईल.