माळ्यावरचा वॉट

जेम्स वॉट म्हटलं की किटली, वाफ आणि बल्बवर छापलेला 60 वॉटचा आकडा. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना फार तर गव्हर्नर आठवतो, तोही व्हायवाच्या आदल्या रात्री. पण हा माणूस आयुष्याची शेवटची 15 वर्षं घराच्या माळ्यावर बसून माणसांचे छोटे छोटे अर्धपुतळे कोरण्याच्या खटपटीत होता, हे कुठल्याच टेक्स्टबुकात येत नाही. मला विचाराल तर त्याचं हेच काम सगळ्यात मजेशीर आहे. म्हणून इंजिनाची कथा मी भराभर उरकतो.

जन्म 19 जानेवारी 1736, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक बंदरात. 1755 साली लंडनला जाऊन मापनाची उपकरणं बनवायची विद्या त्याने एका वर्षात उचलली. एरवी त्याला सात वर्षांची उमेदवारी लागायची. 1757 पासून ग्लासगो विद्यापीठात त्याचं वर्कशॉप. तिथे न्यूकोमेन इंजिनाचं बंद पडलेलं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं, त्यातून 1765 साली वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली, 1769 साली पेटंट मिळालं. 1775 पासून मॅथ्यू बोल्टनशी बर्मिंगहॅमला भागीदारी. 1800 साली पेटंटची मुदत संपली आणि वॉटसाहेब खाऊनपिऊन सुखी अवस्थेत रिटायर झाले. झालं इंजिन!

आता त्याचा दुसरा छंद बघा. समोरचं दृश्य कागदावर जसंच्या तसं उतरवायचं यंत्र त्याने 1765 च्या सुमारास केलं. 1780 साली पत्रांच्या कॉपी काढणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. म्हणजे हॉस्टेलमध्ये सबमिशनच्या रात्री जर्नल उतरवून काढणाऱ्या तमाम जनतेचा हा मूळपुरुष! 1802 साली तो पॅरिसला गेला, तिथे पदकांच्या नकला कोरणारं एक यंत्र त्याने पाहिलं. पदक म्हणजे जवळजवळ सपाट काम. वॉटच्या डोक्यात आलं की आख्खं डोकंच का नको? नाक, कान, मानेची मागची बाजू, सगळं.

त्या सुमारास त्याच्या घरात काय चाललं होतं तेही सांगायला हवं. मुलगी जेसी 1794 साली गेली. 1804 साली मुलगा ग्रेगरी क्षयाने गेला, वय 27. जुने दोस्त एकेक करून जात होते. आपली बुद्धी मंदावत चालली आहे अशी धास्ती वॉटला होती. बर्मिंगहॅमजवळ हँड्सवर्थला त्याचं हीथफील्ड नावाचं घर होतं. तिथल्या माळ्यावर त्याने लेथ, शेगडी आणि हत्यारं मांडली. बायकोला घरात कचरा खपत नसे, म्हणून तो जेवणही वरच करून घ्यायचा असं सांगतात. त्याच माळ्यावर ग्रेगरीची वह्यापुस्तकांची पेटी होती.

यंत्राचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे, पॅन्टोग्राफ. एका दांड्यावर लांब ट्रेसर, जवळ फिरता कटर. ट्रेसर मूळ पुतळ्यावरून फिरवायचा, कटर तीच वाट लहान प्रमाणात दगडात कोरतो. पुतळा आणि दगड दोन्ही एकाच कोनातून सोबत वळले पाहिजेत, नाहीतर डावा कान उजव्या कानाला विचारत नाही. वॉटने दोन यंत्रं केली, एक लहान प्रत काढणारं आणि एक तेवढ्याच मापाची. अलाबास्टर, हस्तिदंत असल्या कोरायला सोप्या वस्तूंवर काम चाले. जुना ओळखीचा अर्थशास्त्रज्ञ ऍडम स्मिथ, त्याचंही डोकं त्याने असंच कोरलं.

आणि इथेच खरी गोची आहे. माझा रूम पार्टनर खडूवर चेहरे कोरतो. टिळक कोरायला घेतले की तासाभरात पगडीतले कोणीतरी सद्गृहस्थ तयार! मी एकदा हिशेब मांडून दाखवला. माणसाचं डोकं साधारण 24 सें.मी. उंच. ते आठपट लहान केलं की 3 सें.मी. त्यात अर्धा मि.मी. इकडेतिकडे झाला तर खऱ्या चेहऱ्यावर तो 4 मि.मी. होतो. दोन डोळ्यांमधलं अंतर 4 मि.मी. ने वाढवा, तुमची आई तुम्हाला ओळखायची नाही. म्हणजे साम्य हा कलेचा विषय खराच, पण छोट्या पुतळ्यात तो टॉलरन्सचाही विषय होतो. सांध्यातली किंचित लूज, दांडा जरासा वाकणं, सगळं चेहऱ्यावर उमटतं.

कटरच्या टोकाची गंमत तर ऐकाच. प्रत आठपट लहान हवी असेल तर ट्रेसरचं गोल टोकही कटरच्या आठपट जाड हवं. ट्रेसर बारीक झाला तर कटर सगळीकडे जास्त खातो आणि चेहरा महिनाभर मेसमध्ये जेवल्यासारखा खंगतो. जाड झाला तर गालगुंड झाल्यासारखा सुजतो. बरं, 1 मि.मी. चा कटर असेल तर पापणीची कड, ओठांचा कोपरा त्याला सापडतच नाही, तिथे गोलवा राहतो. तिथे बारीक टोक लावा नाहीतर सरळ हातात हत्यार घ्या. आणि मूळ पुतळाच माणसासारखा नसेल तर यंत्र ते इमानाने तसंच उतरवणार.

वॉट हे सुधारत राहिला. तयार झालेले नमुने तो मित्रांना पाठवी आणि ऐंशी उलटल्यावर, एका होतकरू कलाकाराची ही कामं आहेत म्हणून थट्टा करी. इंजिनाच्या पेटंटसाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडलेल्या या माणसाने या यंत्राचं पेटंट मात्र घेतलंच नाही. मला वाटतं त्याला ते पुरं झाल्यासारखं वाटलं नसावं, किंवा ते पुरं व्हायला नकोच असावं. 25 ऑगस्ट 1819 ला तो गेला. पुढे बेंजामिन चेव्हर्टनने असल्याच यंत्रावर हस्तिदंताचे छोटे पुतळे काढून चांगला धंदा केला. 1844 साली त्याने पेटंटही घेतलं.

माळा कुलूपबंद राहिला. 1924 साली त्यातलं सगळं सामान, 8,000 हून जास्त वस्तू, लंडनच्या सायन्स म्युझियमने उचलून नेलं. पुतळ्यांची ती यंत्रंही त्यातच आली. त्या पसाऱ्यात प्लास्टरचे बरेच साचे होते. एक साचा कोणाचा ते पाहण्यासाठी 2011 च्या सुमारास तो स्कॅन करून आतला चेहरा कॉम्प्युटरवर उभा केला. तो खुद्द वॉटचा निघाला.