कॉलऱ्याचे जंतू स्वतः प्यायलेला शास्त्रज्ञ : एली मेचनिकॉफ

सन १८९२. फ्रान्समध्ये कॉलऱ्याची, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं जिला पटकी म्हणायची तिची साथ आली होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉफ यांनी कॉलऱ्याचे जिवंत जंतू सरळ पिऊन टाकले. काहीच झालं नाही. मग तयार असलेल्या दुसऱ्या माणसांना पाजले. त्यातला एक जण मरता मरता वाचला. आज असा प्रयोग केला तर जेलमध्येच जावं लागेल.

पण प्रश्न खरा होता. जंतू तोच, मग एकाला जुलाबसुद्धा नाही आणि दुसरा मरणाच्या दारात, असं का? मेचनिकॉफ यांनी काचेच्या बशीत कॉलऱ्याच्या जंतूंसोबत दुसरे जंतू वाढवून पाहिले. काहींच्या सोबतीनं कॉलऱ्याचा जंतू जोमानं वाढला, तर काहींनी त्याला वाढूच दिलं नाही. म्हणजे आतड्यात आधीपासून कोण वस्तीला आहे, यावर बरंच ठरतं.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ चा, आताच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. घरची जमीनदारी. कॉलेजचा चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत उरकला. संसारात मात्र सुख नव्हतं. पहिली बायको ल्युडमिला क्षयानं इतकी खंगलेली, की १८६९ मध्ये लग्नाला तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली आणि यांनी अफू घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे दुसरी बायको ओल्गा टायफॉईडनं आजारी पडली, तेव्हा स्वतःला उलट्या तापाचे जंतू टोचून घेतले. दोन्ही वेळा वाचले.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी त्यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा बारीक काटा टोचला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा. शरीरात घुसलेल्या परक्याला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हे त्यातून पुढं आलं. याच कामासाठी १९०८ चं नोबेल पॉल एरलिख यांच्यासोबत मिळालं. ओडेसात त्यांच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन पुढं मुंबईत आला आणि प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

उतारवयात मेचनिकॉफ यांनी दह्याचा ध्यास घेतला. बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन दीर्घायुषी होतात, असं त्यांचं मत. मोठ्या आतड्यात अन्न कुजून विष होतं आणि म्हातारपण येतं, म्हणून ते रोज आंबट दूध प्यायचे. इथं मात्र ते जरा वाहवत गेले. मोठं आतडं बिनकामाचं नाही, आणि त्या दह्यातला जंतू आतड्यात कायमचा मुक्कामही करत नाही, हे नंतर दिसून आलं.

बशीतलं निरीक्षण मात्र टिकलं. अँटिबायोटिकनं आतड्यातले राखणदार जंतू मेले, की मोकळ्या रानात तण माजावं तसा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि जुलाब थांबत नाहीत. वारंवार असं होणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू सोडले, की बहुतेक जण बरे होतात. किळस येईल, पण उपचार खरा आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांत तर मेचनिकॉफ यांचे दोन्ही विषय एकत्र येतात. आतड्यातल्या जंतूंचे प्रकार कमी झालेले असतात आणि रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच आतड्यात आग पेटवतात. शौचातून रक्त, पोटात कळा, वजन घटणं. कित्येक जण मूळव्याध समजून महिनोन्महिने अंगावर काढतात. आधी जंतू बिघडतात की आधी आतडं, याचा शोध अजून चालू आहे. दह्यानं हा आजार जात नाही. दुर्बीण घालून तपासणी आणि नियमित औषधं लागतात.

जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकारानं मेचनिकॉफ पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.