हर्मन लेहमान

हर्मन लेहमान (जन्म : हाले, जर्मनी, ८ जुलै १९१०, मृत्यू : केंब्रिज, इंग्लंड, १३ जुलै १९८५) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ होते. एकच प्रथिन निरनिराळ्या माणसांत किंचित भिन्न रूपांत आढळते, हे हिमोग्लोबिनाच्या (रक्तारुणाच्या) अभ्यासातून दाखवणाऱ्या अग्रणी संशोधकांत त्यांची गणना होते. भारतातील सिकलसेलच्या पहिल्या नोंदींपैकी एक त्यांची आहे.

जीवन

ज्यू वंशाचे असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना जर्मनीत वैद्यकीची पदवी घेता आली नाही. ती त्यांनी १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मिळवली. १९३६ मध्ये ते इंग्लंडला आले. दुसऱ्या महायुद्धात प्रारंभी त्यांना जर्मन म्हणून काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. पुढे ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलातून त्यांनी भारतात सेवा केली. युगांडातील संशोधनानंतर ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात व १९६३ पासून केंब्रिज येथे कार्यरत होते.

संशोधन

प्रौढांच्या हिमोग्लोबिनात दोन आल्फा व दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की हिमोग्लोबिन 'एस' तयार होते. ऑक्सिजन कमी झाल्यावर त्याचे रेणू एकमेकांना जुळतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. असे अनेक अपसामान्य प्रकार लेहमान यांच्या प्रयोगशाळेत ओळखले गेले. १९६८ मध्ये मॅक्स पेरुट्झ यांच्यासह त्यांनी या बदलांचा रेणूच्या रचनेशी असलेला संबंध स्पष्ट केला.

१९५२ मध्ये लेहमान व मेरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत सिकलसेल आढळल्याचे प्रसिद्ध केले. तोवर हा दोष मुख्यतः आफ्रिकी वंशाशी जोडला जात असे. सिकल जनुकाचा प्रसार प्राचीन स्थलांतरांतून झाला, असा त्यांचा तर्क होता. भारत व अरबस्तानातील बदल आफ्रिकेहून स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असे पुढील काही डीएनए-अभ्यासांतून सुचवले गेले.

विदर्भातील संदर्भ

आरमोरीसह गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत सिकलसेल हा सार्वजनिक आरोग्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे. तो आदिवासींप्रमाणेच इतर समाजांतही आढळतो. विद्राव्यता चाचणीतून रक्तात 'एस' प्रकार आहे एवढेच कळते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. वाहकाच्या रक्तात 'ए' व 'एस' दोन्ही प्रकार असतात आणि त्याला सहसा त्रास होत नाही. म्हणून वाहकाला रोगी समजणे चुकीचे ठरते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे विवाहापूर्वी तपासणीचा सल्ला दिला जातो.

सन्मान

१९७२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.