वर देणाऱ्याचा प्रश्न

दुसरे महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झाले होते. अमेरिकेतील एका विमान कंपनीच्या संशोधकाने गणिताच्या एका प्राध्यापकांकडे त्यांच्या युद्धकाळातील अहवालाची प्रत मागितली. ती हवी होती क्षेपणास्त्रांच्या कामासाठी. प्राध्यापकांनी चक्क नकार दिला आणि नकाराचे ते पत्र ‘अटलांटिक मंथली’ मासिकाच्या जानेवारी १९४७ च्या अंकात प्रसिद्धही झाले. आपण शोधून काढलेली विद्या कोणाच्या हाती पडणार, हे पाहणे शास्त्रज्ञाचेच काम आहे, असा त्याचा मथितार्थ होता. या प्राध्यापकांचे नाव नॉर्बर्ट वीनर.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी मिसुरी राज्यातील कोलंबिया गावी झाला. वडील लिओ वीनर पुढे हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला त्यांनी घरीच शिकवले आणि बीजगणितात चूक झाली की रडकुंडीला आणले. आठव्या वर्षी नॉर्बर्टचे डोळे इतके अधू झाले, की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. त्या काळात तो ऐकून शिकला आणि मनातल्या मनात गणिते सोडवू लागला. चौदाव्या वर्षी पदवी आणि अठराव्या वर्षी, १९१३ मध्ये, हार्वर्डची डॉक्टरेट! वडिलांनी मात्र जाहीरपणे लिहिले, की मुलगा चारचौघांसारखाच आहे, किमया शिकवण्याच्या पद्धतीची. यश बापाचे आणि अपयश तेवढे आपले, हा सल वीनर यांच्या मनातून कधी गेला नाही. माणसाला साधन म्हणून वापरण्याची त्यांना पुढे जी चीड आली, तिचे मूळ या बालपणात असावे असे मला वाटते.

१९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, शिकवू लागले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. युद्धकाळात त्यांच्यापुढे प्रश्न आला तो विमानवेधी तोफांचा. गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे गेलेले असते. मग नेम कुठे धरायचा? ज्युलियन बिगेलो या अभियंत्याच्या साथीने त्यांनी अंदाज बांधणारे यंत्र तयार केले. ते रणांगणावर गेले नाही, पण त्यातून मोठा विचार निघाला. चहाच्या कपाकडे हात नेताना डोळे क्षणोक्षणी अंतर सांगतात आणि हात आपली चूक सुधारत जातो. यंत्रालाही असेच चालवता येते. १९४८ साली या विचाराचा ग्रंथ आला. ग्रीक भाषेतील सुकाणूधारकाच्या शब्दावरून त्यांनी या शास्त्राला नाव दिले, ‘सायबरनेटिक्स’.

नाव झाले, तसे उद्योगपतीही सल्ला मागू लागले. माणसाशिवाय चालणारे कारखाने वीनर यांना स्पष्ट दिसत होते आणि त्यापाठोपाठ येणारी बेकारीही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांना आपणहून पत्र लिहून सावध केले. रूथर यांनी उत्सुकतेने तार केली. पण त्यातून म्हणावी तशी चळवळ काही उभी राहिली नाही.

हे वाचताना मला आमच्या बँकेतले दिवस आठवतात. १९८० च्या दशकात खतावणीची यंत्रे येणार म्हणताच नोकऱ्यांवरून किती वाद झाले! ती भीती खोटी नव्हती. पण यंत्र चुकले तर खातेदाराने कोणाच्या टेबलासमोर उभे राहायचे, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी फारसा विचारला नाही. मीही नाही.

वीनर नेमके तेच विचारत होते. १९५० च्या ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ या पुस्तकात आणि १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी बजावले, की यंत्र आपण सांगू तेच करते, आपल्या मनात काय होते ते त्याला कळत नाही. त्यासाठी ते माकडाच्या पंजाच्या एका इंग्रजी कथेचा दाखला देत. त्या मंतरलेल्या पंजाकडे एक बाप दोनशे पौंड मागतो. ते मिळतात, पण कारखान्यात मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून!

या माणसाचा आपल्या देशाशीही संबंध आला. १९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्याबरोबर त्यांनी अंदाजशास्त्रावर महत्त्वाचे काम केले. पुढे वीनर यांचे चरित्र लिहिले तेही मसानींनीच.

वीनर काही संत नव्हते. ते तापट होते, निराशेचे झटके त्यांना येत, जिवाभावाच्या सहकाऱ्यांशी त्यांनी कायमचे संबंध तोडले. ज्या गणिताला पुढे नकार दिला, तेही त्यांनी युद्धासाठीच मांडले होते. म्हणूनच त्या नकाराला किंमत आहे. जानेवारी १९६४ मध्ये त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले आणि १८ मार्चला स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले.

आज खिशातल्या फोनला कोणीतरी कुठेतरी सांगून ठेवलेले असते, की माणसाची नजर पडद्यावरून हलू देऊ नकोस. तो इमानाने तेवढेच करतो आणि घरातले बोलणे आटते. आपल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आता अशा आज्ञा लिहिण्याच्या नोकरीत आहेत. भस्मासुराची गोष्ट सांगताना आपण असुरालाच दोष देतो. हा वर कशासाठी हवा, हे देणाऱ्याने विचारले नव्हते, ही बाजू मात्र राहून जाते. वीनर यांनी देणाऱ्याच्या जागी उभे राहून तो प्रश्न विचारला. एखाद्या रविवारी जेवणाच्या ताटावर आपल्या मुलांना तो विचारायला हरकत नाही. कदाचित त्यांनाही कोणीतरी तो विचारायला हवाच असेल.